सोन्याहून पिवळं

काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला बाहेरचे लोक येतात ते जनावरांसाठी. बैल, गाई, शेळ्या. पण बाजार म्हटलं की त्यात भाजीही येते, चपला येतात, आणि बेंटेक्सही येतं. लाल कापडावर ठुश्या, बोरमाळा, राणीहार, टीव्ही मालिकांची नावं घेऊन विकली जाणारी मंगळसूत्रं. 'बेंटेक्स' हे एके काळी एका ब्रँडचं नाव होतं हे आता कुणाच्या लक्षातही नाही. आपल्याकडे सोन्यासारखं दिसणारं पण सोनं नसलेलं जे काही असतं, ते सगळं बेंटेक्स.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आज्जी, माझी मामेबहीण आणि मी अशा एका दुकानापुढे उभ्या होतो. आज्जीच्या गळ्यात तिची बोरमाळ होती, खरी. समोर कापडावर तशीच दुसरी होती, अडीचशे रुपयांची. दोन्ही एका नजरेत आल्या आणि मला थोडं विचित्र वाटलं. खोटी बोरमाळ झगझगीत पिवळी होती. खरी तिच्यापुढे जरा मातकट, जरा तांबूस, आजारी माणसासारखी दिसत होती.

एखादी चांगली गोष्ट आणखी चांगली झाली की मराठीत आपण 'सोन्याहून पिवळं' म्हणतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सोन्याहून पिवळं खरंच काहीतरी असतं, आणि ते अडीचशे रुपयांना मिळतं.

आम्ही बाजारात आलो होतो वेगळ्याच कामाला, पण बोलणं चालू होतं ते सोन्याचंच. बहिणीचा साखरपुडा ठरला होता. तिच्या फोनवर एका दागिन्यांच्या वेबसाइटचं पान उघडं होतं. अंगठीचा फोटो, आणि फोटोखाली तीन गोल ठिपके. पिवळा, गुलाबी, पांढरा. ठिपक्यावर बोट ठेवलं की अंगठीचा रंग बदलतो. आज्जीने फोन हातात घेतला, तिन्ही ठिपके दाबून पाहिले, गुलाबीवर थांबली आणि म्हणाली, "ह्याच्यात तांबं लई झालंय."

बहीण हसली. पण आज्जीचं वाक्य शब्दशः खरं होतं. हा लेख त्या वाक्याबद्दल आणि त्या तीन ठिपक्यांबद्दल आहे.

ठिपके काय सांगतात, काय नाही

फोन घेताना आपण रंग निवडतो तेव्हा आतला फोन तोच असतो. काळा घ्या, निळा घ्या, बॅटरी तेवढीच. दागिन्यांच्या वेबसाइटवरचे ठिपके नेमके तसेच दिसतात, त्यामुळे आपण तसंच समजतो: सोनं तेच, वरचा रंग वेगळा.

हा गोंधळ उगाच झालेला नाही. 'रोज गोल्ड' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी सराफाच्या पेढीवर नाही, फोनच्या जाहिरातीत पहिल्यांदा ऐकला. सप्टेंबर २०१५मध्ये आयफोन ६एस आला तेव्हा त्याच्या एका रंगाचं नाव रोज गोल्ड होतं. त्या फोनची पाठ ॲल्युमिनियमची होती आणि तिला रंग दिलेला होता. म्हणजे आपल्या पिढीला या सोन्याची ओळख झाली तीच एक रंग म्हणून, धातू म्हणून नव्हे.

पण दागिन्यात रंग वरून दिलेला नसतो (एक अपवाद आहे, त्याकडे येते). तो आतून येतो. शुद्ध सोनं एकाच रंगाचं असतं, पिवळं. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. सोन्याच्या अणूच्या केंद्रात ७९ प्रोटॉन असतात. इतक्या जड केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात, आणि तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम जाणवू लागतो. त्यामुळे सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्याकडे उरतो तो पिवळा. हा परिणाम नसता तर सोनंही चांदीसारखं पांढरट दिसलं असतं.

आता या पिवळ्या धातूचा रंग बदलायचा तर त्यात दुसरं काहीतरी मिसळावं लागतं. तांबं जास्त घातलं की गुलाबी. पॅलेडियम किंवा निकेल घातलं की पांढरट. चांदी जास्त घातली की किंचित हिरवट. आणि रंग डोळ्यांना कळण्याइतका बदलायचा तर नुसती चिमूट पुरत नाही. अठरा कॅरेटच्या रोज गोल्डमध्ये शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोनं, साधारण बावीस भाग तांबं आणि उरलेली चांदी असते. आपल्या नेहमीच्या बावीस कॅरेटमध्ये ९१.६ भाग सोनं असतं, भेसळीला जागाच साडेआठ भागांची. तेवढ्या जागेत सगळं तांबंच घातलं तरी सोनं लालसर होतं, गुलाबी होत नाही. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड नाणं तसं आहे, बावीस कॅरेटचं आणि नारिंगी झाक असलेलं. पांढरं तर बावीस कॅरेटमध्ये होतच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून तीन ठिपके सारख्या तोलाचे नाहीत. पिवळा ठिपका बावीस कॅरेटचा असू शकतो, अठराचा असू शकतो, चौदाचाही असू शकतो. गुलाबी आणि पांढरा ठिपका दाबला की तुम्ही कमी कॅरेटकडे गेलातच. रंग निवडताना तुम्ही कस निवडत असता, आणि पानावर त्याबद्दल लिहिलेलं असलं तरी ते खाली, बारीक अक्षरात असतं.

कस हा शब्द आपलाच. कसोटीचा काळा दगड, त्यावर ओढलेली रेघ, रेघेचा रंग पाहून शुद्धतेचा अंदाज. सगळ्या कसांना उतरलेलं ते बावनकशी. कस कमी असलेलं ते हीणकस. मराठीने मिश्र सोन्याला जे नाव दिलं ती आज शिवी झाली आहे. भाषेच्या दृष्टीने रोज गोल्ड म्हणजे मुद्दाम, आवडीने, जास्त मजुरी देऊन घेतलेलं हीणकस सोनं. आज्जीच्या डोळ्यांनी कसोटी न वापरता हेच वाचलं होतं.

मोरारजींना जे जमलं नाही

भारतात एकदा सरकारने लोकांना कमी कॅरेटचं सोनं घालायला सांगून पाहिलं आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, सोन्याची तस्करी थांबवायची होती. जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या काळात सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी घातली गेली.

देशभर सोनारांची चूल विझली. त्यांची हत्यारं, त्यांचा हात, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची सवय मऊ बावीस कॅरेटची होती. चौदा कॅरेट कडक असतं, वाकवताना तडकतं, बारीक तार आणि पत्रा त्यातून सहज निघत नाही. गिऱ्हाइकाला त्याचा रंग आवडेना. मंगळसूत्राच्या वाट्यांना पिवळेपणा नाही म्हटल्यावर ते सोनं कसलं? १९६६मध्ये चौदा कॅरेटची अट काढावी लागली. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा पुढे चालू राहिला आणि १९९०मध्ये तोही रद्द झाला.

आता फोनवरचं पान पुन्हा पाहा. चौदा कॅरेट, अठरा कॅरेट. जुलै २०२५पासून नऊ कॅरेटलाही हॉलमार्कच्या यादीत जागा मिळाली आहे. नऊ कॅरेट म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. कायद्याच्या धाकाने जे लोकांनी घेतलं नाही ते आता ते आनंदाने घेतात. मधल्या काळात काय बदललं? एक तर भाव. २०२५मध्ये दहा ग्रॅमचा, म्हणजे आपल्या आजच्या बोलीतल्या एका तोळ्याचा दर लाखाच्या पुढे गेला. दुसरं म्हणजे नाव. 'चौदा कॅरेट' म्हटलं की कमीपणा वाटतो. 'रोज गोल्ड' म्हटलं की निवड वाटते.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. हॉलमार्कवर कॅरेट छापलेलं असतं. माझी तक्रार वेगळी आहे: परवडण्याच्या प्रश्नाला आवडीचं नाव देण्यात आलं आहे. लाखाच्या भावात बावीस कॅरेट परवडत नाही, हे सांगायला लाज वाटते. "मला पिवळं आवडतच नाही, फार गावठी दिसतं," हे सांगायला वाटत नाही. आणि मग ज्या बायका अजून पिवळं घालतात त्या, म्हणजे आपल्या आया, आज्ज्या, काष्टीच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या बायका, त्या सगळ्या एका वाक्यात गावठी होतात.

पांढरं

आता एकेका रंगाकडे पाहू. ही समीक्षा आहे, तेव्हा मत देणं भाग आहे.

'पांढरं सोनं' हे शब्द मराठीत आधीच दुसऱ्याला दिलेले आहेत. वर्तमानपत्रात 'पांढऱ्या सोन्याचा भाव घसरला' असं वाचलं की आपल्याला कळतं की बातमी कापसाची आहे. त्यामुळे सराफही त्याला 'व्हाइट गोल्ड'च म्हणतात, भाषांतर करत नाहीत. शब्दाचं जाऊ द्या, रंगाचंही घर आधीच ठरलेलं आहे. आपल्याकडे सोनं कमरेच्या वर आणि चांदी पायात. जोडवी, पैंजण, वाळे पांढरे. शिवाय पांढरं कपाळ, पांढऱ्या पायाची सून. बाईच्या अंगावरच्या पांढऱ्याबद्दल आपली भाषा कधीच चांगलं बोललेली नाही. हे क्रूर वाक्प्रचार गेले तर बरंच आहे, आणि एखादी मुलगी ठरवून पांढऱ्या रंगाचं मंगळसूत्र घालत असेल तर त्यात मला धीटपणा दिसतो.

माझा आक्षेप रंगाला नाही, त्याच्या वागण्याला आहे. मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. पॅलेडियम किंवा निकेल घातलेलं सोनं दुकानात दिसतं तितकं शुभ्र नसतंच. ते किंचित पिवळट, राखाडी असतं. आरशासारखा जो पांढरेपणा आपण पाहतो तो बहुतेक वेळा वरच्या ऱ्होडियमच्या पातळ थराचा असतो. रोजच्या वापरात तो थर झिजतो, अंगठीच्या तळहाताकडच्या बाजूला आधी. मग पुन्हा मुलामा द्यावा लागतो, आणि पुढे पुन्हा. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना थर झिजल्यावर खाजही सुटू शकते.

म्हणजे बेंटेक्सवर आपण हसतो ते मुलाम्यासाठी, आणि व्हाइट गोल्ड घेतो तेही मुलाम्यासहच. फरक इतकाच की एकात खाली पितळ आहे आणि दुसऱ्यात खाली सोनं. तीन रंगांत हा एकच रंग असा आहे की जो स्वतःच्या कातडीवर उभा नाही.

तरीही त्याची एक जागा पक्की आहे. हिरा. पिवळ्या कोंदणात पांढरा हिरा आजूबाजूचा पिवळेपणा उचलतो. पांढऱ्या नख्यांत तो मोकळा दिसतो. पण मग अंगठीचं कडं पिवळं आणि हिऱ्याच्या नख्या तेवढ्या पांढऱ्या, ही जुनी तडजोड मला जास्त शहाणी वाटते. आणि हिराच जरा पिवळसर, कमी प्रतीचा असेल तर त्याला पिवळ्यातच बसवा. तिथे त्याचा दोष झाकला जातो.

नथीला मात्र पांढरं सोनं देऊ नये. नथीचा सगळा खेळ मोत्याचा पांढरा, सोन्याचा पिवळा आणि मधल्या खड्याचा लाल किंवा हिरवा या तीन रंगांत आहे. तार पांढरी केली की मोती तिच्यात हरवतो.

गुलाबी

मला वाटलं होतं की रोज गोल्डला मी नावं ठेवेन. लिहायला बसल्यावर उलटं झालं. तिन्ही रंगांत सगळ्यात सरळ तोच आहे. त्यात तांबं आहे, आणि तो तांबूस दिसतो. लपवाछपवी नाही, वर थर नाही. झिजला तरी आत तोच रंग. तांब्यामुळे तो कडक होतो, म्हणून रोज घालायच्या अंगठीला, भांडी घासणाऱ्या, किबोर्ड बडवणाऱ्या हाताला बावीस कॅरेटपेक्षा तो जास्त टिकतो. बावीस कॅरेटची अंगठी वर्षभरात वाकडी होते हे ज्यांनी घातली आहे त्यांना ठाऊक आहे.

शिवाय तो परकाही नाही. रोज गोल्ड पाश्चात्त्य म्हणून आपण त्याला मॉडर्न समजतो. एकोणिसाव्या शतकात तो रशियात इतका लोकप्रिय होता की त्याला रशियन सोनंच म्हणत. पण तांब्याची झाक आपल्यालाही जुनीच आहे. आज्जीची बोरमाळ तांबूस होती, आठवतंय ना? सराफ पिवळे दागिने कशात गुंडाळून देतो? गुलाबी कागदात. पिवळ्याला तांबूस शेजार दिला की तो खुलतो, हे पेढीवरच्या माणसाला कोणत्याही डिझाइन कॉलेजशिवाय माहीत होतं.

त्याची अडचण आहे ती काळ्या मण्यांशी. काळं आणि पिवळं हे सगळ्यात लांबून वाचता येणारे दोन रंग आहेत. उगाच नाही आपल्याकडच्या जीपला काळी-पिवळी म्हणत. मंगळसूत्र हा दागिना लांबून दिसावा म्हणूनच होता, त्याने बघणाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. गुलाबीशी जोडलं की काळ्याचा आवाज खाली येतो. मंगळसूत्र पुटपुटू लागतं. ऑफिसच्या कॉलरखाली घालायचं, कुणाला काही सांगायचं नाही, असं ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी हा गुण आहे. ज्यांना ठसठशीत हवं त्यांच्यासाठी तो दोष आहे. रंग वाईट नाही, तुम्हाला काय बोलायचं आहे ते आधी ठरवा.

इथे एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. २०२१मध्ये इटलीच्या बुल्गारीने भारतासाठी मंगळसूत्र काढलं आणि प्रियांका चोप्राने ते मिरवलं. किंमत साडेतीन लाखांच्या आसपास. ही कंपनी गुलाबी सोन्यात भरपूर काम करते. पण मंगळसूत्र करताना त्यांनी काळा ओनिक्स घेतला आणि सोनं घेतलं ते पिवळं, अठरा कॅरेटचं. आपण पिवळ्याला गावठी म्हणत होतो तेव्हा त्यांनी पिवळ्याचं मोल ओळखलं होतं. कॅरेट मात्र आपलं घेतलं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

पिवळं

पिवळ्याची बाजू घेणं सोपं आहे, म्हणून जपून घेते.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी याने १९३३मध्ये सावल्यांचं कौतुक करणारा एक निबंध लिहिला. त्यात तो सांगतो की जुन्या घरांतल्या अंधारात सोनं नुसती चैन नव्हतं, ते प्रकाश धरून ठेवायचं काम करत होतं. हे वाचताना मला मामाच्या जुन्या घराचं माजघर आठवतं. एक खिडकी, चुलीचा उजेड, आणि त्यात आज्जीच्या गळ्यातली माळ. बोरमाळेचे मणी गोल असतात, ठुशीचे बारीक आणि दाटीने बसवलेले. प्रत्येक मणी एक छोटा दिवा होतो. हे दागिने मंद उजेडासाठी आणि सावळ्या गळ्यासाठी घडवले गेले. गुलाबी ठुशी मी पाहिली आहे. ती सावळ्या कातडीत मिसळून जाते, मण्यांच्या कडा विरघळतात. ठुशीत कडाच गेल्या तर उरलं काय?

आज आपण ते दागिने पाहतो ते पांढऱ्या एलईडीखाली किंवा फोनच्या पडद्यावर. तिथे पिवळं भडक वाटतं, गुलाबी सौम्य. दोष पिवळ्याचा नाही, उजेडाचा आहे. म्हणून दागिना दुकानाच्या दिव्यात पसंत करू नका. पेढीच्या दाराशी या, दिवसाच्या उजेडात पाहा.

आणि हो, ते मनगटाच्या शिरांचं प्रकरण. शिरा निळ्या दिसल्या तर पांढरं सोनं शोभतं, हिरव्या दिसल्या तर पिवळं, असा एक नियम सगळीकडे फिरतो. बहिणीने आणि मी बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसून मनगटं पाहिली. आमच्या शिरा धड दिसतच नव्हत्या. गोऱ्या कातडीवरून काढलेला नियम गहूवर्णी आणि सावळ्या हातावर लावला की असं होतं. तो विसरा. तिन्ही रंगांच्या अंगठ्या घाला आणि हात लांब धरून पाहा, तेवढं पुरे.

पण पिवळं म्हणजे प्रामाणिक, असं समजू नका. जुन्या बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. वजनाला माळ भरते, मोडायला गेलं की लाख वेगळी निघते आणि सोनं हातात कमी येतं. घट, डाक, तुकडे, सगळी वजावट पिवळ्यातच चालत आली आहे. पिवळेपणा हा शुद्धतेचा पुरावा असता तर बाजारातला बेंटेक्सवाला कुबेर झाला असता.

आणि जी भाषा 'सोन्याहून पिवळं' म्हणते तीच दसऱ्याला आपट्याच्या हिरव्या पानाला सोनं म्हणते. तीच जेजुरीला सोन्याची म्हणते, आणि तिथे उधळलेलं सोनं हळदीचं असतं. म्हणजे मराठी माणसाला सोनं पिवळंच हवं असं नाही. त्याला ते कुणाकडून आलं, कशासाठी आलं, हे हवं असतं.

दात बघून घ्या

जनावरांच्या बाजारात बैलाचा रंग बघून कुणी पैसे मोजत नाही. खिलार पांढराशुभ्र असतो, डोळ्यांत भरतो, तरी घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. मग रंग.

सोन्याचे दात म्हणजे हॉलमार्क. दागिन्याच्या आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (बावीससाठी ९१६, अठरासाठी ७५०, चौदासाठी ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. हा क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद फोनवर दिसते. ज्या फोनने आपल्याला रोज गोल्ड शिकवलं तोच फोन इथे कामाला येतो.

आणि हे दात का बघायचे, ते आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. कांद्याचा भाव पडला, उसाचं बिल लांबलं, दवाखाना निघाला, की घरातल्या बाईचा डाग बँकेत जातो. सोनेतारण. तिथल्या काउंटरवर कोणी रंगाचं कौतुक करत नाही. खडे वजा करतात, निव्वळ सोनं मोजतात, बावीस कॅरेटच्या हिशेबाने त्याची किंमत धरतात. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरेटमध्ये ९.१६ ग्रॅम सोनं असतं. अठरामध्ये साडेसात. नऊमध्ये पावणेचार. घडणावळ, तीन टक्के जीएसटी, डिझाइन, यातलं काहीही परत मिळत नाही. बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं, बऱ्याचदा फक्त हे असतं. तिच्या वाट्याच्या एकुलत्या एका मालमत्तेचा कस कमी होतोय का, हा प्रश्न आहे. तो सौंदर्याचा म्हणून विचारला जातो तेव्हा मला राग येतो.

आमच्याकडे खरा वाद त्यावरच झाला. मामींचं म्हणणं होतं की आज्जीची बोरमाळ मोडावी आणि त्याच सोन्यात बहिणीची अंगठी, मंगळसूत्र, कानातलं, सगळा रोज गोल्डचा सेट करावा. तशीही ती माळ आता कोण घालतंय? हिशेबाने पाहिलं तर सोनं हवेत उडत नाही, बावीसचं अठरा केलं तर वजन उलट वाढतं. पण लाख जाते, घट जाते, मजुरी जाते. आणि ते गोल मणी जातात, जे परत घडवायला आता सोनार शोधावा लागेल.

आज्जी दोन दिवस काही बोलली नाही. मग बहिणीला म्हणाली, "तुला गुलाबी घालायचंय ना, घाल. पण तुझ्या पगारातून घे. माझ्यातलं मोडू नको."

तसंच झालं. अंगठी अठरा कॅरेटची, गुलाबी, बहिणीने स्वतःच्या पैशाने घेतली. तिच्या हाताला ती खरंच छान दिसते. मंगळसूत्र बावीस कॅरेटचं, पिवळं, बिनखड्याचं, आखूड. बोरमाळ आज्जीच्या गळ्यातच आहे.

माझा निकाल मी त्यावरूनच देते. रोज वापरायचं, स्वतःच्या कमाईचं, पुढे मोडायचं नाही असं जे असेल ते गुलाबी घ्या. हिऱ्याला नख्या पांढऱ्या द्या, बाकी पांढऱ्याच्या मागे लागू नका. जे अडीनडीला उभं राहायला हवं, आणि जे घडवणारे हात आता कमी होत चालले आहेत, ते पिवळ्यात घ्या आणि पिवळ्यातच राहू द्या. आणि जुनं मोडून नव्या रंगात ओतायचं असेल तर आधी ज्याच्या गळ्यात ते आहे त्याला विचारा.

परवा बहिणीने साखरपुड्याचा एक फोटो पाठवला. तिचा हात आज्जीच्या हातात आहे. अंगठी गुलाबी, आज्जीच्या पाटल्या पिवळ्या, झिजून तांबूस झालेल्या. फोन थोडा लांब धरला तर दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा दिसतो.